मुंग्यांची रांग

ठमाबाई रोह्याला आली होती पाचवीच्या पूजेपुरती. पूजा झाली, घुगऱ्या वाटून झाल्या, पेणची एसटी स्टँडवरून कितीदा तरी सुटून गेली, तरी तिची पिशवी खुंटीवरून काही खाली उतरली नाही. बारशापर्यंत आपण इथंच, असं तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी तिला विचारलंही नाही. विहिणीच्या घरी मुक्काम ठोकणं रीतीत बसत नव्हतं. पण नातू दूध पीत नाही हेही कुठल्या रीतीत बसत होतं? दोन्हींत मोठं काय, ते ठमाबाईच्या मनाशी केव्हाच ठरलं होतं.

विमलबाईच्या ओटीवर पाय पसरून ती दिवसभर माणसांचा जमाखर्च मांडत बसे. विहीणबाई लेकीला शेक देते, पण धुरीत ओवा टाकताना हात आखडते: खर्चाला. विहिणीचा नवरा गोविंदा सायकलचं दुकान उघडं टाकून घटकेघटकेला नातवाला बघायला येतो, तोही चेनचं काळं हाताला तसंच ठेवून: खर्चाला. शेजारची हन्नाबाय पोराच्या अंगाला लावायला घरच्या घाण्याचं तिळेल आणून देते: जमेला. पण एकदा टेकली की उठायचं विसरते: खर्चाला. स्वतःच्या नावाचं पान ठमाबाईनं उघडलंच नव्हतं. आजवर तशी गरजच पडली नव्हती.

सुनेचं, पुतळीचं पान मात्र भरत चाललं होतं. पोर छातीशी घेतलं की ते दोनदा ओढल्यासारखं करी, तोंड फिरवी आणि डोळे मिटून घेई. इकडे पुतळीची छाती दगडासारखी झालेली, बोंडांना चिरा पडलेल्या. पोर जवळ आणलं की तिचे डोळे आधीच पाण्यानं भरायचे. पोराच्या मांड्या भरत नव्हत्या, आणि पायाच्या कातडीला सुरकुती होती ती मोडत नव्हती.

"दूध हाय, पन पानचट हाय," ठमाबाईचा निकाल.

"दूध चांगलं आहे हो, उतरत नाही एवढंच," विमलबाईचा निकाल.

"दूध हाय नि उतरतंय बी. पोरगाच आळशी, बापावर गेलाय," हन्नाबायचा निकाल.

तिघींचं एका गोष्टीवर एकमत होतं. पुतळीला काय वाटतं, ते विचारायची गरज नाही.

तिच्यावर इलाज मात्र सगळे चालू होते. हळिवाचे लाडू, शतावरी, मेथीची पेज, सुकटीचं कालवण. आणि सगळं अळणी. बाळंतिणीला मीठ नाही म्हणजे नाही. ज्या घराच्या तीन पिढ्यांचे हात खाडीकाठी मीठ ओढण्यात गेले, त्या घरच्या सुनेला ताटात मिठाचा खडा दिसत नव्हता. पुतळी दोन घास खाई नि ताट सरकवी. त्याचीही नोंद ठमाबाईकडे होई: पोरीला खायचा आळस.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी मिठाची लॉरी थांबली आणि तिच्यातून ठमाबाईचा नवरा हिरामण उतरला. खांद्यावर मिठाचं गाठोडं, हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला शेळी. शेळीच्या केसांत मीठ अडकून ती चमकत होती आणि पेणपासून नागोठण्यामार्गे रोह्यापर्यंतचा सगळा राग ती एका दमात ओरडून दाखवत होती.

"आनली बग," हिरामण म्हणाला. "ड्रायव्हरला तिनं वाटंत तीनदा शिव्या घातल्या. त्यानं बी उलट घातल्या. धा मैलांत दोस्ती झाली दोगांची."

विमलबाई दारात येऊन थबकली. "हे काय हो, व्याही?"

उत्तर ठमाबाईनं दिलं. "शेली. नातवासाटी. आज दुपारपासून तिचंच दूध चालू करायचं. उद्या बारशाला चार मान्सं येतील, पोराचं तोंड बघतील. मना कुनाचं ऐकून घ्यायचं नाय."

"माझ्या घरात, मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुमी हो म्हटला असता कं?"

"नसते म्हटले."

"मंग? विचारण्यात येल कशाला घालवायचा?"

ठमाबाईनं मनातल्या मनात एक रेघ ओढली. गोविंदानं बायकोच्या बाजूनं उभं राहायचं सोडून शेळीच्या कासेकडे पाहिलं आणि म्हणाला, "दुधाला बरी दिसते." त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पंप शोधायला आत निघून गेला. पंप दुकानात होता.

शेळी ओरडायची थांबेना. आतल्या खोलीतून पुतळीचा आवाज आला. "मामा, तिचं करडू कुठाय?"

"पेनला," हिरामण म्हणाला. "त्याला कशाला आनू? सगलं त्योच पिऊन जाईल."

"मग ते काय पिणार?"

हिरामणनं टोपी काढली, पुन्हा घातली. "बगंल तिथं कोन तरी."

पुतळी खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. डोक्याला फडकं, अंगाला शेकाचा नि शेपेचा वास, आणि चोळी पुढून अशी ताठलेली की हात लावला तरी ओरडेल. शेळीची कास आणि सून, दोघींकडे ठमाबाईनं एका पाठोपाठ एक पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली.

"आत्या," पुतळी म्हणाली, "शेळीचं दूध एकदा चालू झालं की माझं आटणार. ते मला ठाऊक आहे. आजचा दिवस द्या मला."

"पोर सुकत चाललंय, गो."

"मला दिसतंय ते. तुमच्या आधी दिसतंय." तिनं चौकट धरली. "पण मला कोरडी म्हणायला लावू नका. गावात एक आहे ती पुरे."

कोरडी धोंडी म्हणजे ठमाबाईची धाकटी जाऊ. पहिल्या बाळंतपणात तिचं दूध आटलं, पोर शेळीच्या दुधावर वाढलं, पुढं ते घोड्यासारखं धडधाकट झालं, लग्न करून डोळवीला राहायला गेलं, तरी आईचं नाव कोरडीच राहिलं. हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते गावात कुणाला आठवत नव्हतं. ठमाबाईला आठवत होतं.

"सांजपर्यंत काय फरक पडनार हाय?" ती म्हणाली, पण आवाज मघापेक्षा अर्धा होता. "दुपारी एक बोंडलं पाजू. जास्ती नाय."

एवढ्यात हन्नाबाय तिळेलाची बाटली पदराखाली धरून आली, शेळी बघून म्हणाली, "अगो बाई, पाहुणे वाढले!" आणि नेहमीच्या जागी टेकली. तिचे दोघे भाऊ बोटीत बसून इस्रायलला गेले होते. ती घाणा सोडून जायला तयार नव्हती. त्यामुळे ह्या गल्लीतला प्रत्येक नातू आता तिचाच होता.

हिरामणनं मागच्या अंगणात शेळी पिळायला घेतली. ठमाबाई बोंडलं आणायला स्वैपाकघरात गेली. विमलबाईच्या माहेरचं चांदीचं बोंडलं, चिमणीच्या चोचीसारखी तोटी असलेलं, फडताळात पालथं घातलेलं असे. ठमाबाईनं ते उचललं आणि तिच्या मनगटावर लाल मुंग्या चढल्या.

"विहीणबाई! ह्यात काय व्हतं?"

"काही नाही. धुऊन ठेवलंय."

"धुतल्या भांड्याला मुंग्या?" ठमाबाईनं तोटीला नाक लावलं, मग जीभ लावली. "मध हाय."

विमलबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते ठमाबाई उभी राहून मजेत बघणार होती. पण तिची नजर भिंतीवर गेली. मुंग्यांची रांग फडताळातून निघून भिंतीवरून उतरत होती, स्वैपाकघराचा उंबरा ओलांडत होती आणि मधल्या खोलीतून सरळ झोळीकडे निघाली होती.

"पोर!" ती ओरडली.

सगळे एकदम धावले. पुतळीनं त्याआधीच झोळीतून पोराला उचललं होतं. हनुवटीखालच्या वळीत दोन मुंग्या चिकटून बसल्या होत्या. पुतळीनं त्या बोटानं टिपल्या. पोराच्या मानेला हात लावला तर चिकट. तिनं बोट जिभेवर ठेवलं आणि घरच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"दुधाचं नाही हे," ती म्हणाली. "गोड आहे."

"मी फक्त एक बोट," विमलबाई म्हणाली. "पहाटे. तू झोपलेली असतेस तेव्हा. उपाशी पोर बघवत नाही म्हणून."

"व्वा!" ठमाबाई म्हणाली. तिच्या आयुष्यात कुणाची खर्चाची बाजू अशी एका फटक्यात भरली नव्हती. "लेकीचं दूध उतरत नाय म्हनून गावभर सांगायचं, नि पहाटं पोराचं तोंड मधानं भरायचं! मंग त्याला आईचं दूध गोड लागंल कशाला?"

पण मुंग्या काही विमलबाईवरच थांबल्या नव्हत्या. झोळीपासून दुसरी रांग निघाली होती, ती गोविंदाच्या बाजेवर चढून उशीखाली शिरत होती. ठमाबाईनं उशी उचलली. मलमलीच्या चिंधीत बांधलेली खडीसाखर, चोखून चोखून टोकाला ओली झालेली.

गोविंदा पंप शोधायचं सोडून दारात आला होता. "रडत होता," तो म्हणाला. "तोंडात धरली की गप होतो. आमच्या लहानपणी..."

"तुमी दुकानातून घटकेला येता, तवा दर येलेला?"

"दर वेळेला नाही," गोविंदा म्हणाला. "एखाद्या खेपेला विसरतो."

हन्नाबाय एवढा वेळ फार गंभीरपणे तिळेलाच्या बुचाकडे बघत होती. तिसरी रांग तिच्या बसायच्या जागेजवळच्या वाटीत जात होती. तिनं वाटी पदराखाली ओढायचा प्रयत्न केला, पण मुंग्यांसकट ओढावी लागली असती.

"हन्नाबाय?"

"मनुकांचं सरबत गो. शब्बाथाचं, आमच्या शनवारचं. देवाचं नाव घेऊन केलेलं. त्यानं कुणाचं वाईट झालंय आजवर?" मग जरा विचार करून ती म्हणाली, "शुक्रवारी जास्त केलं होतं. कालपर्यंत पुरलं."

ह्या गर्दीत कान्हू, पोराचा बाप, धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला. जेवणाचा डबा हातात, डोळे लाल. सगळे मुंग्यांभोवती उभे आणि बायको पोराला घेऊन भिंतीशी. कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मी नुसतं बोट बुडवून दिलं. चहात. बशीतल्या."

"चहा!" ठमाबाई म्हणाली.

"गार होता."

ठमाबाई आता खोलीच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभी होती. मुलगा, व्याही, विहीण, शेजारीण, सगळ्यांच्या नावावर खर्च पडलेला आणि सगळ्यांच्या माना खाली. असा दिवस मिठागराच्या मालकाच्या वाट्यालासुद्धा येत नाही. "एकाला बी लाज नाय," तिनं सुरुवात केली. "एकाला बी वाटलं नाय, की पोरीचं पोर हाय, तिला आदी विचारावं. पोट भरलेलं पोर आईकडं कशाला वलंल? नि वर म्हनायचं, दूध नाय, दूध नाय..."

"आत्या," पुतळी म्हणाली.

"थांब गो, मना बोलू दे."

"आत्या, चौथी रांग आहे."

होती. मधल्या खोलीच्या कोपऱ्यातून ती खुंटीच्या भिंतीवर चढत होती. शिस्तीत, एकामागं एक. खुंटीवर पिशवी होती. ठमाबाईची. रांग पिशवीच्या तोंडातून आत जात होती आणि आतून दुसरी रांग तितक्याच शिस्तीत बाहेर येत होती. तोंडात काहीतरी धरून.

कुणी पिशवीला हात लावला नाही. विमलबाईला तो मोह फार झाला असणार, पण ती नुसती हात पदरात गुंडाळून उभी राहिली. ते हात लावण्यापेक्षा वाईट होतं. शेवटी हिरामण अंगणातून दुधाचं भांडं घेऊन आला, त्याला काही ठाऊक नव्हतं. "ही काय, तुज्या पिशवीला मुंग्या लागल्यात," असं म्हणून त्यानं पिशवी काढून झटकली. गुळाचा खडा ठमाबाईच्या पायाशी येऊन पडला, आणि पाठोपाठ तिच्या घरचं पितळेचं जुनं बोंडलं गडगडत गेलं ते थेट विहिणीच्या पायाशी.

विमलबाईनं ते उचललं. तोटीतून गुळाच्या पाण्याचा एक थेंब तिच्या तळहातावर पडला. ती काही म्हणाली नाही. पुढं कितीतरी वर्षं ठमाबाई हीच गोष्ट तिच्या जमेला लिहीत राहिली.

"गुल उष्न असतो," ठमाबाई म्हणाली. "ताकद येते." मग तिला स्वतःलाच ते पुरलं नाही. "दोनदा. नाय, तीनदा. तू नाहायला गेलीस की."

पुतळी हसली. पाचवीपासून पहिल्यांदाच. हसताना छाती दुखली म्हणून कळवळली आणि तरी हसतच राहिली. "पहाटे मध. दिवसभर खडीसाखर. तेलाबरोबर सरबत. अंघोळीला गूळ. रात्रपाळी सुटली की चहा," ती म्हणाली. "ह्याला भूक लागायची कधी?"

"सगळ्यांनी बाहेर जा," ती म्हणाली. "आई, तूही. सांजपर्यंत ह्याच्या तोंडाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. शेळीही नाही. आत्या, तुम्ही दारात बसा. कुणाला आत सोडू नका."

"मी?"

"तुम्हाला कुणी ओलांडून जाणार नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, ते ठमाबाईला ठरवता आलं नाही. ती दारात बसली.

पहिला तास पोर झोपलं. मग उठलं. मग रडायला लागलं. आधी नेहमीसारखं, लाडीगोडीचं, कुणीतरी येईल अशा खात्रीचं. कुणी आलं नाही तेव्हा ते खरं रडलं. ठमाबाईनं पाच बाळंतपणं काढली होती, पण असं हात बांधून बसून रडणं ऐकायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. तिचे गुडघे आपोआप उठायचे नि ती त्यांना दाबून खाली बसवायची. गोविंदा दोनदा दारापर्यंत आला. ती नुसती बघे, तो परत जाई. विमलबाई चुलीपाशी बसून डोळे पुसत होती. अंगणात शेळी करडासाठी ओरडत होती आणि आत पोर शेळीला उत्तर देत होतं.

"किती रडवता त्याला!" हिरामण म्हणाला.

"गप ऱ्हावा," ठमाबाई म्हणाली. "तुमी शेलीला बगा."

"आत्या, ऊन पाण्याचं फडकं," आतून आवाज आला.

ती फडकं घेऊन आत गेली. पुतळी भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसली होती. फडक्यानं छाती शेकून तिनं थोडं दूध हातानंच पिळून वाटीत काढलं, तेव्हा तो दगड जरा नरम पडला. वाटीतलं दूध ठमाबाईनं पाहिलं. पानचट नव्हतं. तिनं सुनेच्या पानावरची एक नोंद खोडली. पोर तोंड वासून रडत होतं, घसा लाल, जीभ थरथरत होती. तोंड तसं वासलेलं असतानाच पुतळीनं त्याला एकदम घट्ट छातीशी ओढून घेतलं, नेहमीसारखं टोकानं नव्हे, तोंडभर. तिचे पाय ताठ झाले, अंगठे वळले. ठमाबाई पुढं सरकणार, तोच पुतळीनं मान हलवली: नको.

मग रडणं थांबलं. गोठ्यात पाण्याच्या घमेल्याशी वासराचा येतो, तसा गटक, गटक असा आवाज आला.

ठमाबाई पाय न वाजवता बाहेर आली आणि दार लोटून घेतलं. ओटीवर सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि कानामागं हात नेऊन त्यांनाही ऐकायला सांगितलं. हन्नाबायनं डोळे मिटून तिच्या पैगंबराचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेतलं आणि मलिद्याचा नवस बोलून टाकला. गोविंदा सायकलींकडे गेला. ह्या वेळी हात धुऊन.

संध्याकाळी पुतळीची पेज विमलबाईनं वाढली. ठमाबाई उठली, नवऱ्यानं आणलेलं गाठोडं सोडलं, आणि विहिणीच्या डोळ्यांदेखत चिमूटभर मीठ पेजेत टाकलं.

"बाळंतिणीला मीठ?" विमलबाई म्हणाली.

"आमच्या मिठागराचं हाय. त्यानं काय व्हत नाय."

"आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"सांगा, विहिणीनं टाकलं. माज्या नावावर लिवा."

पुतळीनं पेज वाटीत बोट घालून चाटूनपुसून संपवली.

बारसं झालं. दुसऱ्या दिवशी शेळी लॉरीतून परत गेली, ड्रायव्हरला ह्या खेपेला शिव्या पडल्या नाहीत. ठमाबाई एसटीनं निघाली. निघताना तिनं पोराला खांद्यावर घेतलं, तेव्हा त्यानं ढेकर दिला आणि दह्यासारखं दूध तिच्या बारशाच्या नव्या लुगड्यावर ओकून ठेवलं. विमलबाई ओला पंचा घेऊन धावली.

"ऱ्हाऊ दे," ठमाबाई म्हणाली.

खाडीच्या वाऱ्याला सुकून तो डाग गावात पोचेपर्यंत पांढरा फटफटीत पडला होता. बांधावरून येताना तिनं पदर मुद्दाम तो दिसेल असा घेतला होता. विहिरीवर तिची जाऊ धोंडुबाई घागर भरत होती.

"आलीस कं? पदराला काय लागलंय?"

"दूध. नातू वकला. पोटभर पितो नि वकतो."

"बरं झालं," धोंडुबाई म्हणाली. खरंच बरं वाटून म्हणाली, हेच ठमाबाईला टोचलं. तिनं पिशवी बांधावर ठेवली. पितळेचं बोंडलं आत वाजलं. तेच बोंडलं. दोघींच्या घरात पिढ्यान् पिढ्या फिरलेलं, आणि फडताळातून कोण कधी उचलून नेतो ह्याचा हिशेब कुणी कधी ठेवला नव्हता.

"धोंडुबाय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे नाव तिच्या जिभेवर असं सुटं, मागंपुढं काही न लावता आलं नव्हतं. "तुज्या थोरल्याला लहानपनी बोंडलं कोन पाजायचा गो?"

धोंडुबाईनं घागर कमरेवर चढवली. हा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून ती बहुतेक थांबलेलीच होती, पण विचारणारी ही असेल असं तिला वाटलं नसावं.

"कोन नाय पाजायचा, ते विचार," ती म्हणाली, आणि वाटेला लागताना मागं वळून, हसून, "तुजा गुल जास्ती गोड असायचा."